रायपूर शहर विधानसभा मतदारसंघ : सात निवडणुका, तीन आमदार आणि एका पुनर्रचनेचा इतिहास

रायपूर : छत्तीसगडच्या राजधानीतील ‘रायपूर शहर’ हा विधानसभा मतदारसंघ २००८ मधील पुनर्रचनेनंतर अस्तित्वात राहिला नाही. १९७७ ते २००३ या कालावधीत या मतदारसंघात विधानसभेच्या सात सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि त्यांतून केवळ तीन व्यक्ती आमदार म्हणून निवडून आल्या. त्यांतील पहिल्या जनता पक्षाच्या रजनीताई उपासने या मराठी भाषक नेत्या होत्या. मतदारसंघाचा कारभार आधी भोपाळच्या आणि नंतर रायपूरच्याच विधानसभेशी जोडलेला राहिला. त्याची मुळे मात्र नागपूर राजधानी असलेल्या जुन्या प्रांतात आहेत. आज या शहराची विभागणी रायपूर शहर पश्चिम, रायपूर शहर उत्तर आणि रायपूर शहर दक्षिण या तीन मतदारसंघांत झाली असून कापड बाजारासाठी प्रसिद्ध असलेला पंडरी परिसर उत्तर मतदारसंघात मोडतो.

पार्श्वभूमी : नागपूरशी जोडलेले रायपूर

छत्तीसगडचा प्रदेश अठराव्या शतकाच्या मध्यापासून नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला. बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथून कारभार पाहिला. १८१८ मध्ये ब्रिटिश देखरेख सुरू झाल्यावर मुख्यालय रायपूरला हलले आणि १८५४ मध्ये नागपूर संस्थान खालसा झाल्यानंतर हा प्रदेश थेट ब्रिटिश अमलात गेला. पुढे मध्य प्रांताची आणि नंतर मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी नागपूर हीच राहिली. त्यामुळे रायपूरचा कायदेमंडळाशी असलेला संबंध दीर्घकाळ नागपूरमार्गेच होता.

या संबंधाच्या खुणा शहरात आजही आहेत. तात्यापारा ही जुनी मराठी वस्ती, सहकार चळवळीचे अध्वर्यू वामनराव लाखे यांच्या नावाने ओळखले जाणारे लाखेनगर आणि १९३५ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ ही त्यांची ठळक उदाहरणे होत. हिंदी पत्रकारितेत मानाचे स्थान असलेले ‘छत्तीसगड मित्र’ हे मासिक १९०० मध्ये माधवराव सप्रे यांनी पेंड्रा येथून सुरू केले, तेव्हा लाखे त्यांचे सहकारी होते. रायपूर नगरपालिकेची स्थापना १८६७ मधील असून १९६७ मध्ये तिचे रूपांतर महापालिकेत झाले.

१९३५ च्या कायद्यान्वये १९३७ मध्ये झालेल्या प्रांतिक निवडणुकांत मतदानाचा हक्क मालमत्ता, कर व शिक्षणाच्या अटींनी मर्यादित होता. त्या निवडणुकांनंतर डॉ. ना. भा. खरे यांच्या मंत्रिमंडळात रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल शिक्षणमंत्री झाले आणि १९३८ मध्ये खरे यांच्या राजीनाम्यानंतर प्रांताचे प्रधानपद त्यांच्याकडे आले.

१९५२ : सत्ताधारी आणि विरोधी, दोघेही रायपूरचे

प्रौढ मताधिकारावर आधारित पहिली निवडणूक १९५२ मध्ये झाली. तेव्हाच्या मध्य प्रदेश विधानसभेत २३२ जागा होत्या आणि सभागृह नागपुरात भरत असे. काँग्रेसने १९४ जागा जिंकून निर्विवाद बहुमत मिळवले. त्या लाटेतही रायपूरच्या मतदारांनी किसान मजदूर प्रजा पक्षाचे ठाकूर प्यारेलाल सिंह यांना निवडून दिले. राजनांदगाव येथील कापड गिरणीतील १९२० च्या संपाचे नेतृत्व केलेले प्यारेलाल सिंह हे छत्तीसगडातील कामगार व सहकार चळवळीचे ज्येष्ठ नेते होते. ते सभागृहात विरोधी पक्षनेते झाले.

परिणामी एक वेगळे चित्र निर्माण झाले. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल आणि विरोधी पक्षनेते ठाकूर प्यारेलाल सिंह हे दोघेही रायपूरच्या सार्वजनिक जीवनातून पुढे आलेले होते आणि नागपूरच्या सभागृहात एकमेकांसमोर बसत होते. प्यारेलाल सिंह यांचे १९५४ मध्ये भूदान पदयात्रेदरम्यान निधन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, छत्तीसगड नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि राजधानी भोपाळ झाली. नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री झालेल्या शुक्ल यांचे त्याच वर्षी ३१ डिसेंबर रोजी निधन झाले. रायपूर आणि नागपूर यांचा विधिमंडळीय संबंध तेथे संपला.

भोपाळचा काळ आणि साम्यवादी आमदार

साठच्या दशकात राज्यावर काँग्रेसचा प्रभाव असताना पक्षाचे शारदाचरण तिवारी यांनी रायपूरचे प्रतिनिधित्व केले. १९७२ मध्ये मात्र चित्र पालटले. राज्यातील २९६ पैकी २२० जागा काँग्रेसकडे गेल्या, तरी रायपूरमधून भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सुधीर मुखर्जी विजयी झाले. व्यापारी पेठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहराने बंगाली भाषक साम्यवादी नेत्याला निवडून देणे ही त्या निवडणुकीतील लक्षणीय बाब होती. १९५२ आणि १९७२ या दोन्ही निकालांतून एक गोष्ट स्पष्ट होते : राज्यव्यापी लाटेच्या विरुद्ध जाण्याची क्षमता शहराच्या मतदारांत प्रारंभापासून होती.

‘रायपूर शहर’चा जन्म

१९७१ च्या जनगणनेवर आधारित पुनर्रचनेत मध्य प्रदेश विधानसभेच्या जागा २९६ वरून ३२० झाल्या. याच रचनेनुसार १९७७ ची निवडणूक झाली आणि ‘रायपूर शहर’ व ‘रायपूर ग्रामीण’ हे दोन स्वतंत्र मतदारसंघ रिंगणात आले. शेजारचा मंदिर हसौद हा मतदारसंघही राजधानीच्या राजकारणाशी निगडित राहिला. १९८० मध्ये तेथून निवडून आलेले भाजपचे रमेश बैस पुढे रायपूरचे अनेक वेळा खासदार झाले आणि फेब्रुवारी २०२३ ते जुलै २०२४ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल होते.

१९७७ : आणीबाणीनंतरचा कौल

नव्या मतदारसंघाची पहिली निवडणूक असाधारण वातावरणात झाली. आणीबाणीच्या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याची जबाबदारी सांभाळणारे विद्याचरण शुक्ल हे रायपूरचे खासदार होते. रविशंकर शुक्ल यांचे ते पुत्र. वृत्तपत्रांवरील पूर्वतपासणीमुळे त्यांचे नाव देशभर चर्चेत आले होते. मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत रायपूरच्या मतदारांनी त्यांचा पराभव केला. विजयी झालेले पुरुषोत्तम कौशिक मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात पर्यटन व नागरी विमान वाहतूक मंत्री झाले.

तीन महिन्यांनी, जून १९७७ मध्ये, विधानसभेसाठी मतदान झाले. जनता पक्षाने ३२० पैकी २३० जागा जिंकल्या. काँग्रेसला ८४ जागांवर समाधान मानावे लागले. रायपूर शहरातून जनता पक्षाच्या रजनीताई उपासने निवडून आल्या. विधानसभेत रायपूर शहराचे प्रतिनिधित्व करणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. जनसंघाच्या विचारधारेशी जोडलेल्या मराठी कुटुंबातील रजनीताईंचा विजय तीन कारणांनी महत्त्वाचा मानला जातो. हिंदी व छत्तीसगढी भाषक बहुसंख्य असलेल्या शहरात त्या अल्पसंख्य भाषक समाजातून आल्या होत्या. काँग्रेसच्या शुक्ल घराण्याचा प्रभाव असलेल्या शहरात त्या विरोधी विचारधारेच्या होत्या. आणि ज्या काळात राजकीय पक्ष महिलांना क्वचितच उमेदवारी देत, त्या काळात त्या सर्वसाधारण जागेवरून विजयी झाल्या होत्या.

या विधानसभेला पूर्ण मुदत मिळाली नाही. कैलाश जोशी, वीरेंद्रकुमार सकलेचा आणि सुंदरलाल पटवा असे तीन मुख्यमंत्री पाहिलेले हे सभागृह फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले. रजनीताईंचा कार्यकाळही त्यासोबत तीन वर्षांच्या आत संपला.

१९८० आणि १९८५ : काँग्रेसचे पुनरागमन

मे १९८० मध्ये झालेल्या निवडणुकीत इंदिरा काँग्रेसने राज्यात २४६ जागा मिळवल्या आणि अर्जुन सिंह मुख्यमंत्री झाले. रायपूर शहरातून काँग्रेसचे स्वरूपचंद जैन विजयी झाले. इंदिरा गांधी यांच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीच्या लाटेत १९८५ मध्ये पक्षाची संख्या २५० वर गेली आणि जैन यांनी जागा राखली. शहराच्या महापालिकेतही काम केलेल्या जैन यांच्या रूपाने काँग्रेसला सलग दोन वेळा हा मतदारसंघ मिळाला. काँग्रेसचे रायपूर शहरातील हे अखेरचे यश ठरले.

१९९० ते १९९८ : बृजमोहन अग्रवाल यांचा उदय

फेब्रुवारी १९९० मध्ये भाजपने राज्यात २२० जागा जिंकल्या. रायपूर शहरात पक्षाने विद्यार्थी चळवळीतून पुढे आलेल्या बृजमोहन अग्रवाल यांना उमेदवारी दिली होती. १ मे १९५९ रोजी जन्मलेले अग्रवाल तेव्हा ३० वर्षांचे होते. त्यांनी विद्यमान आमदार स्वरूपचंद जैन यांचा पराभव केला आणि सुंदरलाल पटवा यांच्या सरकारमध्ये ते राज्यमंत्री झाले. अयोध्येतील घटनेनंतर डिसेंबर १९९२ मध्ये पटवा सरकार बरखास्त करण्यात आले.

मतदारसंघाच्या वर्तनातील महत्त्वाचा बदल येथून पुढे दिसतो. १९७७, १९८०, १९८५ आणि १९९० या चारही वेळा रायपूर शहराने राज्यात सत्तेवर आलेल्या पक्षाचाच उमेदवार निवडून दिला होता. नोव्हेंबर १९९३ मध्ये काँग्रेसने सत्ता मिळवली व दिग्विजय सिंह मुख्यमंत्री झाले, पण रायपूर शहर भाजपकडेच राहिले. १९९८ मध्ये काँग्रेसने सत्ता राखली, तेव्हाही अग्रवाल तिसऱ्यांदा विजयी झाले. सत्तेसोबत वळणारा मतदारसंघ अशी ओळख पुसली जाऊन तो एका पक्षाचा आणि एका नेत्याचा बालेकिल्ला बनला.

नवे राज्य आणि अखेरची निवडणूक

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले. मध्य प्रदेश विधानसभेतील या भागाचे ९० आमदार नव्या विधानसभेचे सदस्य झाले आणि बहुमताच्या आधारे काँग्रेसचे अजित जोगी पहिले मुख्यमंत्री बनले. जिल्ह्याचे ठिकाण असलेले रायपूर राजधानी झाले आणि ‘रायपूर शहर’ हा राजधानीचा मतदारसंघ ठरला.

नव्या राज्याची पहिली विधानसभा निवडणूक १ डिसेंबर २००३ रोजी झाली. विद्याचरण शुक्ल यांनी काँग्रेस सोडून राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाचे नेतृत्व स्वीकारले होते. या पक्षाला जागा एकच मिळाली, परंतु सुमारे ७ टक्के मते त्याच्याकडे गेली. काँग्रेस व भाजप यांच्या मतांतील अंतर तीन टक्क्यांपेक्षा कमी असल्याने हे विभाजन निर्णायक ठरले. भाजपला ५०, काँग्रेसला ३७, बहुजन समाज पक्षाला २ आणि राष्ट्रवादीला १ जागा मिळाली, डॉ. रमण सिंह मुख्यमंत्री झाले. रायपूर शहरात अग्रवाल यांनी काँग्रेसचे गजराज पगारिया यांचा पराभव करून सलग चौथा विजय मिळवला आणि ते मंत्रिमंडळात दाखल झाले. ‘रायपूर शहर’ या नावाने झालेली ही अखेरची सार्वत्रिक निवडणूक होती.

रायपूर शहर : आमदारांची सूची

१९७७ – रजनीताई उपासने (जनता पक्ष)
१९८० – स्वरूपचंद जैन (काँग्रेस-आय)
१९८५ – स्वरूपचंद जैन (काँग्रेस)
१९९० – बृजमोहन अग्रवाल (भाजप)
१९९३ – बृजमोहन अग्रवाल (भाजप)
१९९८ – बृजमोहन अग्रवाल (भाजप)
२००३ – बृजमोहन अग्रवाल (भाजप)

मतदारसंघ का संपला

न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे मतदारसंघांची पुनर्रचना केली. फेब्रुवारी २००८ मध्ये ती अमलात आली. छत्तीसगडमधील एकूण जागा ९० च राहिल्या; अनुसूचित जमातींसाठी राखीव जागा मात्र ३४ वरून २९ वर आल्या. अनुसूचित जातींसाठीच्या जागा १० राहिल्या.

या बदलामागील गणित सरळ होते. २००१ मध्ये राज्याची लोकसंख्या सुमारे २ कोटी ८ लाख होती; म्हणजे एका जागेमागे सरासरी २ लाख ३१ हजार लोक. रायपूर शहराची लोकसंख्या त्या वेळी ६ लाखांवर पोहोचली होती. सरासरीच्या हिशेबाने शहराला अडीचपेक्षा अधिक जागा मिळणे क्रमप्राप्त होते. तोपर्यंत शहराच्या नावाने एकच मतदारसंघ होता आणि वाढत्या शहराच्या वस्त्या ग्रामीण म्हणवल्या जाणाऱ्या मतदारसंघात मिसळत चालल्या होत्या. पुनर्रचनेत रायपूर ग्रामीण (क्रमांक ४८), रायपूर शहर पश्चिम (४९), रायपूर शहर उत्तर (५०) आणि रायपूर शहर दक्षिण (५१) अशी रचना झाली. मंदिर हसौद हा मतदारसंघही याच वेळी रद्द झाला.

वारसदार मतदारसंघ : तीन वेगळे प्रवाह

दक्षिण : जुन्या मतदारसंघाचा राजकीय वारसा प्रामुख्याने दक्षिणकडे आला, कारण अग्रवाल यांनी तेथून उमेदवारी घेतली. २००८ मध्ये ते विजयी झाले. २०१३ मध्ये त्यांनी तत्कालीन महापौर किरणमयी नायक यांचा ३४ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. २०१८ मध्ये काँग्रेसचे कन्हैया अग्रवाल यांच्याविरुद्ध मताधिक्य १७ हजारांच्या घरात आले. २०२३ मध्ये महंत रामसुंदर दास यांच्याविरुद्ध ते ६७,७१९ पर्यंत वाढले. २०२४ मध्ये अग्रवाल लोकसभेवर निवडून गेले आणि त्यांनी विधानसभेचा राजीनामा दिला. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी झालेल्या पोटनिवडणुकीत भाजपचे माजी खासदार सुनील सोनी यांनी काँग्रेसचे आकाश शर्मा यांचा ४६,१६७ मतांनी पराभव केला. १९९० पासून शहर आणि दक्षिण मिळून सलग आठ सार्वत्रिक निवडणुका एकाच नेत्याने जिंकण्याची मालिका अशा रीतीने थांबली. पक्षाची मालिका मात्र कायम राहिली.

उत्तर : पंडरी, देवेंद्रनगर अशा व्यापारी व निवासी वस्त्यांचा हा मतदारसंघ तिघांत सर्वाधिक चढउताराचा ठरला. घाऊक कापड बाजारामुळे पंडरीची ओळख राज्याबाहेरही आहे. २०२१ मध्ये भाठागाव येथे नवे आंतरराज्य बसस्थानक सुरू होईपर्यंत शहराचे मुख्य बसस्थानकही पंडरीतच होते. २००८ च्या पहिल्या निवडणुकीत भाजपने येथे रजनीताई उपासने यांचे पुत्र सच्चिदानंद उपासने यांना उमेदवारी दिली. अटीतटीच्या लढतीत काँग्रेसचे कुलदीप जुनेजा विजयी झाले आणि एकतीस वर्षांनंतर त्याच कुटुंबाकडे शहराचे प्रतिनिधित्व येण्याची संधी हुकली. २०१३ मध्ये भाजपचे श्रीचंद सुंदरानी, २०१८ मध्ये पुन्हा जुनेजा आणि २०२३ मध्ये भाजपचे पुरंदर मिश्रा असे निकाल लागले. २००८ नंतरच्या तिन्ही निवडणुकांत येथील विजेता पक्ष बदलला.

पश्चिम : भाजपचे राजेश मूणत २००८ आणि २०१३ मध्ये विजयी झाले. २०१८ मध्ये काँग्रेसचे विकास उपाध्याय यांनी त्यांचा पराभव केला, तर २०२३ मध्ये मूणत यांनी जागा परत मिळवली.

२०१८ चा निकाल या संदर्भात बोलका आहे. राज्यात काँग्रेसला ९० पैकी ६८ आणि भाजपला केवळ १५ जागा मिळाल्या. शहराच्या चार जागांपैकी ग्रामीण, पश्चिम आणि उत्तर काँग्रेसकडे गेल्या. दक्षिणने भाजपला साथ दिली. २०२३ मध्ये राज्यात भाजपला ५४ जागा मिळाल्या, तेव्हा चारही जागा भाजपकडे आल्या. जुन्या मतदारसंघाची दोन्ही वैशिष्ट्ये, सत्तेसोबत वळणे आणि लाटेविरुद्ध टिकून राहणे, पुनर्रचनेनंतर वेगवेगळ्या भागांत विभागली गेल्याचे यातून दिसते.

महिला प्रतिनिधित्वाचा प्रश्न

रायपूर शहर आणि त्यातून निर्माण झालेले तीन मतदारसंघ यांच्या इतिहासात १९७७ नंतर एकही महिला आमदार निवडून आलेली नाही. २०२३ मध्ये छत्तीसगड विधानसभेत १९ महिला विजयी झाल्या. राजधानीच्या तिन्ही शहरी जागांवर मात्र पुरुष उमेदवारच निवडून आले. महापालिकेतील स्थिती वेगळी आहे. किरणमयी नायक यांनी महापौरपद भूषवले आणि फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत, महापौरपद महिलांसाठी राखीव असताना, भाजपच्या मीनल चौबे विजयी झाल्या.

सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेने संमत केलेल्या आणि राज्यघटनेतील १०६ वी दुरुस्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने लोकसभा व विधानसभांत महिलांसाठी एकतृतीयांश जागा राखीव ठेवण्याची तरतूद केली आहे. तिची अंमलबजावणी कायद्यानंतरच्या पहिल्या जनगणनेवर आधारित पुनर्रचनेशी जोडण्यात आली आहे. २०११ मध्येच शहराची लोकसंख्या सुमारे १० लाख होती, तर राज्याची एका जागेमागील सरासरी सुमारे २ लाख ८४ हजार होती. त्या प्रमाणात शहराचा वाटा साडेतीन जागांपर्यंत पोहोचतो. येत्या पुनर्रचनेत रायपूरच्या सीमा पुन्हा आखल्या जातील, तेव्हा शहराला किती जागा मिळतात आणि त्यांतील कोणती महिलांसाठी राखीव होते, यावर १९७७ चा अपवाद अपवादच राहतो की नाही हे ठरेल.